ठिपके गेले म्हणजे आजार गेला नाही

कुवेतमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. मुलाच्या हट्टापायी त्यांनी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे. तिच्यात जिवंत प्रवाळ, दोन क्लाउनफिश, एक निळा टँग आणि एक कोळंबी आहे. आता टँगच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आलेत आणि तो सारखा दगडाला अंग घासतो. दुकानदाराने तांब्याच्या औषधाची बाटली देऊन "टाकीत ओता" म्हणून सांगितले. ओतू का, असे भगिनी विचारतात. शिवाय, माशावर एवढा खर्च करणे हा इस्राफ तर होत नाही ना, अशीही शंका त्यांना आहे.

शंकेचे आधी पाहू. मांजरीला कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. त्या बाईने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही आणि बाहेर जाऊन पोट भरायला मोकळेही सोडले नाही. काचेच्या टाकीतल्या माशाची गत त्या मांजरीसारखीच आहे. समुद्रात तो आजारी पाण्यापासून दूर पोहत गेला असता, इथे जाणार कुठे? प्राणी पाळायला मनाई नाही. लहानग्या अबू उमैरच्या पाखराची प्रेषित मुहम्मद (स.) प्रेमाने चौकशी करीत. पण कोंडलेल्या जिवाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते. तेव्हा या माशाच्या इलाजावरचा खर्च इस्राफ नव्हे. तो आजारी असताना हौसेने आणखी एक नवा मासा आणाल, तर तो मात्र नक्कीच इस्राफ.

आता बाटलीचे. भगिनींनो, ती टाकीत ओतू नका. तांब्याने परजीवी मरतो खरा, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळही मरतात. शिवाय दगड आणि वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे औषधाची मात्रा टिकत नाही आणि टाकीही पुढे कायमची संशयात राहते.

वर्णनावरून हा आजार मरीन इक दिसतो. त्याचा परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो. ठिपके नाहीसे होतात आणि घरात आनंदीआनंद होतो. फसगत नेमकी इथे होते. गळलेला परजीवी वाळूत किंवा दगडावर कवच करून बसतो, आत त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. कातडीतल्या किंवा कवचातल्या परजीवीला ते काही करत नाही. म्हणून दोन दिवसांत बरे करणाऱ्या औषधावर आमचा विश्वास नाही. लसणाचे तेल लावलेल्या खाद्याचेही तसेच. त्याने मासा जरा जास्त खाईल कदाचित, पण लसूण खरा शोभतो तो आपल्या कालवणात.

इलाज वेगळ्या टाकीत करायचा. साठ-सत्तर लिटरची साधी टाकी पुरे. तिच्यात वाळू नको, दगड नको. स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला प्लास्टिक पाईपचे दोन-तीन तुकडे एवढेच ठेवा. तीनही मासे तिथे हलवा, निरोगी दिसणारे क्लाउनफिशसुद्धा. तांब्याची मात्रा बाटलीवर दिलेली असते. वेगवेगळ्या औषधांची मात्रा वेगळी असते, म्हणून अंदाजाने न टाकता त्या औषधाला चालणाऱ्या टेस्ट किटने रोज मोजा. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर मासा दगावतो. मात्रा एकदोन दिवसांत हळूहळू वाढवा आणि पुढे महिनाभर टिकवा. लहान टाकीत अमोनिया लवकर चढतो, म्हणून पाणी वरचेवर बदला आणि नव्या पाण्यात औषध त्याच प्रमाणात घाला.

मोठी टाकी या काळात माशांविना चालू ठेवायची. मासाच न मिळाल्याने परजीवी उपासमारीने मरतो. शौकीन लोक यासाठी ७६ दिवस धरतात, कारण काही कवचे फार उशिरा फुटतात. कोळंबी आणि प्रवाळ तिथेच राहू द्या. कोळंबीला चिमूटभर खाऊ मात्र विसरू नका.

एक धोक्याची खूण सांगून ठेवतो. ठिपक्यांऐवजी अंगावर पिठासारखी बारीक भुकटी दिसली, मासा धापा टाकू लागला आणि उजेड टाळू लागला, तर तो आजार दुसरा, व्हेल्वेट. त्यात उद्यापर्यंत थांबायला वेळ नसतो.

हे वाचून मुंबई-पुण्याच्या कुणाला अशी टाकी हवीशी वाटली, तर भारतात खरे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे.

पत्राच्या तळाशी भगिनींनी लिहिले आहे की जूनअखेरची गावची तिकिटे काढली आहेत. आम्हाला खरी काळजी त्याची वाटते. आज सुरुवात केली तर तांब्याचा महिना निघण्यापूर्वी संपेल, पण ७६ दिवस पुरे होणार नाहीत. कुवेतच्या उन्हाळ्यात एसी बंद करून घराला कुलूप लावले, तर पाणी तापून दोन्ही टाक्यांतले सगळेच जाईल. किल्ली घेऊन रोज येणारे, एसी चालू ठेवणारे आणि मासे वेळेआधी मोठ्या टाकीत न सोडणारे शेजारी असतील तर उत्तम. नसतील तर जाणत्या शौकिनाला मासे आत्ताच देऊन टाका, आजार लपवू नका, आणि मुलाला त्याच्या घरी मासे पाहायला घेऊन जात जा.