ऊसतोड टोळ्या निघण्याआधी मतदार यादी वाचा!

सोनारी आणि पंचक्रोशीतील मतदार बंधू-भगिनींनो,

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर मतदारसंघात, मतदार नोंदणीसाठी हजारो खोटे ऑनलाइन अर्ज आल्याचं उघड झालं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून पारावर एकच बोललं जातं: कागदपत्रं आणखी कडक करा, कार्ड नसेल त्याला केंद्रावरून माघारी पाठवा.

आमचा याला ठाम विरोध आहे. तुळजापूरच्या अर्जांना बनावट आधार कार्डं जोडलेली होती. भामट्याकडे कागद तयारच असतो. नसतो तो कोयता घेऊन फडात गेलेल्या माणसाकडे.

त्या वर्षी गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. उचल घेतलेल्या जोडप्याला मुकादम एका दिवसासाठी सहजासहजी सोडत नाही. रोज बुडवून, पदरचं भाडं घालून एखादी बाई गावी मतदानाला आली आणि तिचं ओळखपत्र कोपीवरच्या पेटीत राहिलं, तर तिला परत पाठवायचं? नियमसुद्धा असं सांगत नाही. यादीत नाव असेल तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, यांपैकी एक पुरतं. ओळखपत्रावरच्या नावात काना-मात्रेची चूक असली, पण माणसाची ओळख पटत असली, तर मतदान करू द्यावं, ही निवडणूक आयोगाचीच सूचना आहे. मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळख म्हणून चालत नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं नेमकी तेवढीच चिठ्ठी घेऊन येतात. पासबुकावर फोटो नसेल तर तो आजच लावून बँकेचा शिक्का घ्या.

बिहारमध्ये २०२५ साली याद्यांच्या फेरतपासणीत अकरा कागदांची यादी पुढे केली गेली आणि त्यात आधारच नव्हतं. ते बारावं कागदपत्र म्हणून घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला ८ सप्टेंबरला सांगावं लागलं. उद्या ती वेळ आपल्यावर आली, तर माहेरच्या नावाचे कागद घेऊन नांदायला आलेल्या सुनांनी कुठे जायचं?

खोटं नाव गावच्या माणसाला लगेच ओळखू येतं. म्हणून आमची मागणी साधी आहे. दसरा-दिवाळीच्या दरम्यान, टोळ्या गावात असताना, ग्रामसभेत मतदार यादीचं चावडीवाचन व्हावं. मयत आणि दुबार नावं तिथेच सर्वांसमक्ष निघावीत. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी (बीएलओ) घरोघरी यावं, आणि हंगामात दाराला कुलूप दिसलं म्हणून ‘स्थलांतरित’ असा शेरा मारू नये. ऊस तोडायला गेलेला माणूस गाव सोडून गेलेला नसतो.

अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींनी नमुना ६ भरावा. वय मोजायला २०२२ पासून १ जानेवारीसोबत १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात. सुनांचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना ८ भरा. ग्रामपंचायतीची यादीही याच यादीवरून होते, हे लक्षात ठेवा.

ग्रामसभेला या. आपलं नाव वाचलं जाईपर्यंत उठू नका, आणि फडावर गेलेल्या शेजाऱ्याचं नाव गळालं असेल तर त्याच्यासाठी तिथेच उभे राहून बोला.

आपले,
सोनारीतील मतदार