विश्लेषण : उपविजेता संघ खरोखरच दुसऱ्या क्रमांकाचा असतो का? महाविद्यालयीन क्रीडा क्रमवारीचे गणित काय सांगते?

वाशी तालुक्यातील तेरखेडा राज्यभर ओळखले जाते ते फटाक्यांमुळे. मात्र हे गाव ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, त्याची मैदानावरची ओळख खो-खोची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाला सुवर्णपदक मिळवून देणारी कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातील. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयीन खेळाडूसाठी संघाचा क्रमांक ही केवळ चषकापुरती बाब नसते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथे स्पर्धेचा दर्जा व त्यात मिळवलेले स्थान पाहिले जाते. म्हणूनच हे स्थान ठरते कसे, हे समजून घ्यायला हवे.

बाद पद्धतीत काय चुकते?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकायच्या असतात, त्यामुळे बहुतेक सामने बाद पद्धतीने होतात. समजा १६ संघ आहेत, सोडतीने गटवारी झाली आणि सरस संघच प्रत्येक वेळी जिंकला. विजेता योग्यच ठरेल. पण दुसऱ्या क्रमांकाचा बलवान संघ विजेत्याच्याच अर्ध्या भागात येण्याची शक्यता १५ पैकी ७, म्हणजे जवळपास ४७ टक्के. तसे झाले, तर तो अंतिम फेरीपूर्वीच घरी जातो. पहिल्याच फेरीत गाठ पडली, तर त्याच्या खात्यात एकही विजय राहत नाही. हा दोष नवा नाही. लेखक आणि गणितज्ञ लुईस कॅरोल यांनी टेनिस स्पर्धांबाबत तो १८८३ मध्येच दाखवून दिला होता.

विद्यापीठ पातळीवर चित्र वेगळे आहे का?

काही प्रमाणात. आंतरविद्यापीठ स्पर्धांत अखेरचे चार संघ साखळी पद्धतीने खेळतात, त्यामुळे पहिले चार क्रमांक अधिक विश्वासार्ह ठरतात. अडचण विभागांची आहे. साधारणपणे प्रत्येक विभागातून चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. खो-खोमध्ये महाराष्ट्राची विद्यापीठे पश्चिम विभागात एकमेकांशीच झुंजतात. इथला पाचवा संघ दुसऱ्या विभागातील चौथ्या संघापेक्षा सरस असला, तरी तो घरी बसतो. समान जागा देणे न्याय्य आहे, कारण देशाच्या प्रत्येक भागाला संधी मिळते. पण त्यातून निघणारी क्रमवारी अचूक असेलच असे नाही. न्याय आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पदकतक्त्याचे काय?

२०२० मध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली. पंजाब विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या दोघांची सुवर्णपदके सारखीच, प्रत्येकी १७ होती. रौप्यपदके अधिक असल्याने पंजाब विद्यापीठ पहिले ठरले. निकाल नियमानुसारच होता. मात्र या तक्त्यात सांघिक खेळाचे सुवर्ण आणि वैयक्तिक शर्यतीचे सुवर्ण सारखेच मोजले जाते. अख्खा संघ घाम गाळून एक पदक आणतो, तर एकटा जलतरणपटू दोन-तीन आणू शकतो.

जगात यावर उपाय सापडला का?

पूर्ण नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलसाठी १९९८ ते २०१३ या काळात मतदान आणि संगणकीय गुणांकन यांची सांगड घातली गेली. त्यातील कोली पद्धतीची सुरुवात सोपी आहे : विजयांत १ मिळवा, सामन्यांत २ मिळवा आणि भागाकार करा. तीनपैकी तीन सामने जिंकणाऱ्याला ०.८०, तर दहापैकी नऊ जिंकणाऱ्याला ०.८३ मिळतात. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीनुसार हे आकडे सुधारले जातात. पुढे निवड समिती आली, तरी वाद मिटला नाही. २०२३ मध्ये सर्व १३ सामने जिंकूनही फ्लोरिडा स्टेटला अंतिम चार संघांत जागा मिळाली नाही. एकेक पराभव झालेले संघ मात्र आत गेले. ‘आतापर्यंत कोण उत्तम खेळले’ आणि ‘आज कोण उत्तम आहे’ या दोन प्रश्नांची गल्लत तिथे झाली.

आपल्याकडे काय करता येईल?

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. गेल्या हंगामातील पहिल्या चार संघांना सोडतीत वेगवेगळ्या भागांत ठेवावे. उपांत्य फेरीतील पराभूतांचा तिसऱ्या क्रमांकासाठी सामना घ्यावा. गुण सारखे झाल्यास क्रम कसा लावायचा, हे स्पर्धेआधीच जाहीर करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता विद्यापीठाने खुला ठेवावा. ‘एक डाव राखून विजय’ एवढीच नोंद उरली, तर हरलेला संघ कोणाशी आणि किती झुंजला, हे कायमचे पुसले जाते. कोणतेही सूत्र निर्दोष नसते. पण ते सर्वांना आधी माहीत असेल आणि कोणालाही पडताळून पाहता येत असेल, तर तेरखेड्याहून एसटीने सरावाला येणाऱ्या मुलीला आपण नेमके कुठे मागे पडलो हे तरी कळेल. एवढा तिचा हक्क आहे.