शेंदूर फासलेला पत्रा

परवा रविवारी पुण्याहून पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि नेहमीप्रमाणे विषय आमच्या गाडीवर घसरला. "काका, ते डबडं अजून ठेवलंयत? गणपतीला आम्ही येऊ तोवर निदान जरा पुट्टी मारून रंग तरी काढून घ्या. लोक काय म्हणतील!"

मी फोनवर काही बोललो नाही. मला फोनवर भांडता येत नाही. चौतीस वर्षं हातात खडू धरून बोलायची सवय, त्यामुळे समोर फळा नसला की मुद्दे सुचत नाहीत. पण हा चिरंजीव मी इथे लिहितो ते वाचतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा बाबा रे, हे तुझ्यासाठी. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

'डबडं' म्हणालास त्याचा राग नाही. १९९८ ची मारुती ८००, फंडातून कर्ज काढून घेतलेली, समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहणारी. तिला आता कोणी डबडं म्हटलं तर मी मान हलवतो. राग आला तो 'पुट्टी मारून घ्या' याचा. कारण हा सल्ला मी एकदा ऐकलेला आहे, आणि तोही दुसऱ्या कुणाचा नाही, माझा स्वतःचाच.

गोष्ट २०१५ सालची. दाराखालचा जो लांबट पत्रा असतो (गॅरेजवाले काहीही म्हणोत, मी त्याला उंबरठा म्हणतो) त्याच्यावर रंगाला फुगे आले होते. डावीकडे दोन, उजवीकडे एक. बोटानं दाबलं की पापडासारखं कुर्रकन वाजायचं. गणपती पंधरा दिवसांवर. मुंबईहून सगळे येणार. मी गावातल्या एका गॅरेजात गाडी नेली आणि म्हटलं, "चार दिवसांत पाहिजे, आणि फार खर्च नको." तो बिचारा म्हणाला, "गुरुजी, पत्रा कापायला लागेल." मी म्हणालो, "आत्ता नको, आत्ता फक्त दिसायला नीट करा." त्यानं केलं. साडेसहा हजार घेतले आणि गाडी अशी चकाचक करून दिली की आरतीला आलेल्या मंडळींनी नवी घेतली का म्हणून विचारलं.

पुढच्या मे महिन्यात कोल्हापूरला निघालो होतो. आंबा घाटात चाक पंक्चर झालं. तुझी काकू कठड्याशी सावलीत उभी राहिली. मी जॅक लावला, फिरवायला लागलो. गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच वर जायला लागला! उंबरठ्यात, आत आत. कर्रकन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. माझा हात बाजूला होता म्हणून वाचला, पण मधल्या बोटाचं नख गेलं ते गेलंच. चाक तोवर काढलेलं नव्हतं. काढलेलं असतं आणि मी खाली वाकून बसलेलो असतो तर हे लिहायला मी नसतो, इतकं सरळ आहे ते.

मग आम्ही भोकातून आत पाहिलं. भाकरीएवढ्या जाडीचा पुट्टीचा थर, त्याच्या आत लोखंडाची जाळी आणि तिच्यामागे वर्तमानपत्राचा बोळा. बोळा उलगडून पाहिला, मराठीच्या मास्तरची खोड! आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातला अंक होता, अजून ओला. पत्रा म्हणून जे होतं ते हातात घेतल्यावर तपकिरीच्या पुडीसारखं झालं.

आता कुणी म्हणेल, गॅरेजवाल्यानं फसवलं. नाही हो. त्यानं सांगितलं होतं. फसवणूक मी विकत घेतली होती, साडेसहा हजाराला. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की त्याला कुणी दगड म्हणत नाही. गंमत म्हणजे शेंदूर हा खरोखरच गंजरोधक रंग होता. शिशाचा तो लाल ऑक्साइड जहाजांना आणि पुलांना वर्षानुवर्षं फासत आले; विषारी म्हणून पुढे मागे पडला. पण तोसुद्धा आधी लोखंड खरवडून मगच फासत. आम्ही खरवडणं सोडलं आणि फासणं तेवढं ठेवलं.

गंज कसा चढतो हे सातवीच्या मुलाला कळतं. गाडीवाल्याला का कळत नाही कोण जाणे. लोखंड, हवा आणि पाणी, तिन्ही एकत्र आली की झालं. मीठ असलं की काम आणखी भराभर होतं, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि मीठ हवेतला ओलावाही ओढून घेतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून रंगाला फुगा येतो. म्हणजे फुगा दिसला तेव्हा खेळ सुरू झालेला नसतो, बराचसा संपत आलेला असतो. या गाड्यांत गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. दाराच्या काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती भोकं मातीनं बुजतात आणि दार म्हणजे पाण्याची पखाल होते. खराट्याची एक हीर घेऊन महिन्यातून एकदा ती भोकं मोकळी करायची, एवढंच काम. पैसा शून्य. विचारा आपल्या ओळखीच्या दहा गाडीवाल्यांना ती भोकं कुठं आहेत ते.

आणि कोकणात आणखी एक घोळ आहे. इथली माती तांबडी, कारण जांभ्यात लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी गंजच. दाराखालून तांबडं पाणी ठिबकलं की आपण म्हणतो, माती आहे, धुतल्यावर जाईल. मीही पाच-सहा वर्षं तेच म्हणत होतो.

बरं, पुट्टीशी माझं वैर नाही. सुतार लाकडात लांबी भरतो तशी चांगल्या, घट्ट पत्र्यावरचा पोचा सपाट करायला पातळ हात द्यावा, त्याला ना नाही. पण गंजावर पुट्टी म्हणजे किडक्या दातावर चांदीचा वर्ख. गाडी हलते, पत्रा लवतो, पुट्टीला लवता येत नाही. तिला केसासारखी चीर जाते, तिथून पाणी आत जातं आणि आत अडकतं. वर चकचकीत रंग असल्यामुळे आपल्याला दोन वर्षं काही दिसतही नाही. पुट्टी नसती तर निदान भोक तरी दिसलं असतं!

याहून मोठी गोष्ट मला त्या घाटातल्या प्रसंगानंतर कळली. जीपला खाली वेगळी चौकट असते, तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. मारुतीसारख्या गाडीला तशी वेगळी चासी नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. उंबरठा, जमीन, चाकावरची कमान, ही सगळी हाडं आहेत, कातडी नव्हे. बॉनेटला गंज आला तर ती शोभेची बाब. उंबरठा कुजला तर ज्या पत्र्यावर आपण बसलो आहोत तोच गेला. पण गंमत बघा, आपण पैसे कशावर खर्च करतो? बॉनेटवर. कारण ते समोरून दिसतं.

पुतण्याचा दुसरा मुद्दा असा की एवढं सगळं करण्यापेक्षा ती मोडीत काढा, सरकारचं धोरणच आहे. धोरण मी वाचलं आहे. २०२१ सालचं. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नवी करायची. माझी २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये झाली. २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांची फी ५,००० झाली, तीही भरली, हरित करही भरला. गाडी खरोखर संपली की मी तिला आनंदानं मोडीत पाठवीन, मला तिची आरती करायची नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या तेव्हा ज्यांनी गळे काढले, त्यांतल्या किती जणांनी शेवटच्या दहा वर्षांत त्या टॅक्सीला हात केला होता? तसलं प्रेम मला जमत नाही. मी महिन्यातून चार वेळा बाजार आणि दोन वेळा दवाखाना करतो. त्याला ही गाडी पुरते. पुरते तोवर ती आतून बाहेरून सारखी असावी, एवढंच.

२०१६ मध्ये मग मी ते काम नीट करून घेतलं. दोन्ही उंबरठे चांगला पत्रा लागेपर्यंत कापले. नवा पत्रा वाकवून सीओटू वेल्डिंगनं बसवला. गॅसनं पातळ पत्रा वेडावाकडा होतो. कडेला जो वरवरचा गंज होता तो वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं घासून, त्यावर गंज मारणारं औषध लावलं. त्यातला एक प्रकार टॅनिनचा असतो, लावल्यावर गंज काळा पडतो. ते पाहून मला लहानपणीची हिरडा आणि हिराकशीची शाई आठवली. तीच रसायनविद्या! मग इपॉक्सी प्रायमर, रंग आणि शेवटी पोकळ भागात आतून मेणाचा फवारा. एकवीस हजार गेले, अकरा दिवस लागले. आज नऊ वर्षांवर झाली, उंबरठ्याला फुगा नाही. साडेसहा हजारांचं काम आठ महिने टिकलं होतं. त्रैराशिक तुम्ही मांडा.

आणि हे काम मार्च ते मे मध्ये करायचं. गणपतीच्या तोंडावर, भर दमट हवेत, ओल्या पत्र्यावर रंग चढवणं म्हणजे पाण्याला आत कोंडून वर कुलूप लावणं. तरी श्रावणात गॅरेजांपुढं रांग असते. त्याच तऱ्हेचं गंजलेल्या बुडाला काळं रबरी कोटिंग मारून घेणं, पायाखाली ओलं होणारं जाड मॅटिंग चिकटवणं, आणि पावसाळाभर गाडीला ताडपत्रीचं टोपडं घालून ठेवणं. हवा लागली नाही तर पत्रा वाळणार कसा? गणपतीपुळ्याला फोटोसाठी लाटांमध्ये गाडी घालणाऱ्यांविषयी मी बोलत नाही, डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितला आहे.

पण खरी वेदना वेगळीच आहे. गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी (तेही निवृत्त, सज्जन, रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारे) आपली जुनी गाडी विकायला काढली. जमिनीचा पत्रा चाळणी झालेला. मला स्वतः दाखवला होता. त्यांनी पुट्टी भरली, वर मॅट चिकटवलं, रंग काढला. मी म्हटलं, अहो, हे बरं नाही. तर म्हणाले, "विकायचीच आहे हो. आतून बघतो कोण?" गाडी बघायला आला एक शिक्षणसेवक. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, बायको पाच-सहा महिन्यांची गरोदर, तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा मिळत नाही म्हणून गाडी हवी.

मी घरात गेलो आणि फ्रिजवरचं चपटं चुंबक काढून आणलं. जोरकस चुंबक नको, फ्रिजवरचंच बरं. रुमालात गुंडाळून पत्र्यावरून हलकेच फिरवायचं. पत्रा असला तर धरतं, जाड पुट्टी असली की घसरून पडतं. ते मी त्याच्या हातात दिलं आणि मॅट उचलून बघ म्हटलं. बाकी काही बोललो नाही. उंबरठ्यावर तीन ठिकाणी पडलं.

सौदा मोडला. तेव्हापासून ते गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी फिरायला समोरून आले की रस्ता ओलांडतात. सौ.चं म्हणणं, तुम्हाला काय गरज होती, चाळीस वर्षांचा शेजार आहे. तिचंही चुकीचं नाही. परवा त्यांच्याकडे सत्यनारायण होता, आम्हाला बोलावणं नव्हतं. प्रसाद मात्र सूनबाईंनी मागच्या दारानं पाठवला.

चुंबक त्या मुलाकडेच राहिलं.

असो. येत्या मंगळवारी आमच्या गाडीचं डावं मागचं दार कापायला देतोय, तळाशी चार बोटं पत्रा गेला आहे. डेंटर म्हणतो, पांढरा रंग जुन्याशी जुळणार नाही, पट्टा वेगळा दिसेल. दिसू दे. गणपतीला याल तेव्हा लोकांना सांगायचं काय, ते तुझं तू ठरव.