आळ आलेल्यांच्या बाजूने कोण उभं राहणार?



आपल्या चळवळीचा पोलीस ठाण्याशी आणि कोर्टाशी संबंध आला तो बहुतेक वेळा फिर्यादीच्या बाजूने. मथुरा प्रकरणातल्या निकालावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तेव्हापासून बाईची तक्रार नोंदवून घ्यायला लावणं, तिच्याबरोबर ठाण्यात बसणं, कोर्टाच्या तारखांना जाणं हे काम गावोगावच्या गटांनी अंगवळणी पाडलं.

पण त्याच ठाण्यात दुसऱ्या बाकावर आणखी एक बाई बसलेली असते. घरकाम करते त्या घरातल्या बांगड्या नाहीशा झाल्याचा तिच्यावर आळ आहे. तिच्या पलीकडे पारधी वस्तीतला सोळा वर्षांचा पोरगा भिंतीला टेकून बसलेला असतो. त्यांच्यासाठी कोणीही आलेलं नसतं. या दोघांचं आपण काय करणार, हा या अंकातला आमचा प्रश्न आहे.

“पण तिने खरंच चोरी केली असेल तर?” असं बैठकीत कोणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एवढंच की, केली की नाही हे ठरवायलाच कोर्ट आहे आणि दोन्ही बाजू मांडल्या गेल्याशिवाय कोर्टाला ते ठरवता येत नाही. बचाव म्हणजे गुन्ह्याचं समर्थन नव्हे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा वकील अटकेआधीच हजर होतो. ज्याच्याकडे नाही त्याच्या नावावर पहिल्या दिवशी जे लिहिलं जातं, तेच पुढे वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध वाचलं जातं. आणि काहींच्या बाबतीत तर आळ व्यक्तीवर नसतोच, जातीवर असतो. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याने मारलेला शिक्का पारध्यांच्या पोरांना आजही चुकलेला नाही. कुठे घरफोडी झाली की आधी पालावर गाडी जाते.

हे काम नवीन नाही. शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने चौकशीसाठी निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवलं. १९८३ च्या निकालात आदेश आले: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, चौकशीच्या वेळी स्त्री पोलीस हजर, अटक होताच नातेवाइकाला आणि विधी साहाय्य समितीला कळवणं. या सगळ्याची सुरुवात एका पत्रकार बाईने कैदी बायांचं ऐकून घेण्यापासून झाली, हे विसरू नये.

कायदा आपल्या बाजूला आहे. घटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला वकिलाचा हक्क दिला. १९७६ मध्ये आलेल्या ३९-अ कलमाने मोफत विधी साहाय्य हे राज्याचं कर्तव्य ठरवलं. १९८६ मध्ये सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. कारण? आरोपीला वकील मिळतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मागितला नाही म्हणून दिला नाही, ही सबब चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं. विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीतली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाईला उत्पन्नाचा दाखला मागणारा कारकून कायद्याबाहेर वागत असतो.

मग अडतं कुठे? अडतं पहिल्या दिवशी, आणि नंतर जामीनदारापाशी. आमच्या केंद्राकडे आलेल्या एका घरकामगार बाईला तिसऱ्या दिवशी जामीन मंजूर झाला. ती बाहेर आली सातव्या आठवड्यात. ऐपतदार जामीन हवा होता. नवरा सोडून गेलेला, माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, वस्तीत कोणाच्या नावावर सातबारा नाही की पगाराची पावती नाही. धाकट्या भावाला सांभाळायला तिची मुलगी घरी बसली. खटला अजून चालू आहे. बाई दोषी की निर्दोष हे ठरायचं आहे. मुलीची शाळा मात्र सुटली ती सुटलीच. मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, गरिबाला झेपणार नाही असा जामीन मागणं आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारणं अन्यायाचं आहे. तो निकाल आपल्या तालुक्याच्या कोर्टात कोणीतरी तोंडातून काढायला हवा ना!

मुलांच्या बाबतीत कायदा याहून स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. गुन्हा जामिनाचा असो वा नसो, जामीन हा नियम आहे. नाकारायचा तर कारणं लिहावी लागतात. मंडळात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. पण हे सगळं लागू होण्यासाठी मूल हे मूल आहे, हे कागदावर यावं लागतं. ठाण्यात सोळाच्या पोराचं वय ‘अंदाजे १९’ लिहिलं की तो थेट मोठ्यांच्या तुरुंगात जातो. वयाचा प्रश्न खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर काढता येतो. त्यासाठी कायदा पहिला मान देतो तो शाळेच्या दाखल्याला.

आणि इथेच शाळेचा प्रश्न येऊन मिळतो. वर्गात पैसे हरवले, मारामारी झाली, मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली, की पालकांना बोलावून “दाखला घेऊन जा” म्हणतात. मुलाचं म्हणणं कोणी विचारत नाही. नाव कमी झाल्याचं कारण लिहितात ‘पालकांच्या विनंतीवरून’. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळाला बंदी आहे. आठवीनंतर हे संरक्षण संपतं, आणि नेमकं तेव्हाच चिठ्ठीवाल्या मुलीचं लग्न ठरतं. मुलाला काढलं तर तो नाक्यावर जातो, आणि पोलिसांच्या नजरेत येतो. शाळेने ऐकून न घेणं आणि ठाण्याने ऐकून न घेणं, ही एकाच रस्त्यावरची दोन गावं आहेत.

अवघड जागाही टाळायला नकोत. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर मुलांचं वय सोळावर आणा, अशी मागणी झाली. न्या. वर्मा समितीने २०१३ मध्ये ती मानली नाही. तरी २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठराच्या मुलांवर अत्यंत गंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवायची वाट मोकळी केली. दुसरीकडे सतरा वर्षांची दोघं पळून जातात, मुलीचा बाप अपहरण आणि पॉक्सो लावतो आणि मुलगी म्हणते, मी माझ्या मर्जीने गेले. जात वेगळी असली की कलमं आणखी वाढतात. अशा वेळी आपण कोणाच्या बाजूच्या? मुलीच्या, अर्थातच. पण मुलीच्या बाजूचं असणं म्हणजे बापाच्या बाजूचं असणं नव्हे. आणि जिथे अत्याचार खरोखर झाला आहे, तिथेही आपण पीडितेसोबतच उभ्या राहू. त्या प्रकरणात आरोपीचं काम आपल्या संघटनेने घेऊ नये. मात्र त्यालाही वकील मिळालाच पाहिजे, हे म्हणायला कचरू नये. बचावाशिवाय झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही, आणि मग पुन्हा त्या मुलीलाच उभं राहावं लागतं.

करायचं काय? प्रत्येक गटातल्या दोघींनी तालुका विधी सेवा समितीचा अर्ज भरायला शिकावं. १५१०० हा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक वस्तीच्या भिंतीवर लिहावा. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, स्त्री अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, हे प्रत्येकीला तोंडपाठ असावं. बचत गटांनी जामीनदारांची यादी करावी. मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले यांच्या नकला घराबाहेर एका जागी ठेवाव्यात. पालं जळतात, घरं पाडली जातात, कागद जातात. शाळेने दाखला हातात ठेवला तर आरोप लेखी मागावा, मुलाचं म्हणणं लेखी द्यावं, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं, पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे. आणि महिन्यातून एकदा तरी, आपली कोणाची केस नसताना, बाल न्याय मंडळात आणि स्त्री कैद्यांच्या भेटीला जाण्याची परवानगी मागावी.

फिर्याद द्यायला आलेल्या बाईला आपण “घाबरू नकोस, आम्ही आहोत” म्हणतो. आळ घेऊन बसलेल्या बाईलाही ते ऐकायचं असतं. तुमच्या तालुक्यात हे काम कसं चाललं आहे, कुठे अडतं आहे, ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकाची काही पानं तुमच्या अनुभवांसाठी राखून ठेवत आहोत.