अंगणवाडी म्हणजे खिचडीची रांग नव्हे

बदलापूरच्या कात्रपमध्ये घरात तीन वर्षांचं मूल असलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या नर्सरीत घातलंत?" अंगणवाडीचं नाव काढलं तर लगेच उत्तर तयार असतं, "तिथे काय, खिचडी मिळते!" हे मत मला साफ अमान्य आहे.

अंगणवाडी जन्मली तीच मुळी शिक्षणासाठी. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. तेव्हा ही गावं आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. पाड्यावरचं मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, एवढा साधा आणि मोठा तो विचार. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्यात आहार आणि लसीकरणाच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षणही आहे. आणि खिचडीत कमीपणा कसला? भुकेल्या पोराचं गाण्यात लक्ष लागत नाही.

दुसरा आक्षेप, तिथे एबीसीडी येत नाही. अंगणवाडीत चिंचोके एकेक उचलून वाटीत टाकणारं मूल जरा बघा. जीभ बाहेर, श्वास रोखलेला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना शोधताहेत. उद्या पेन्सिल धरणारी बोटं इथे घडतात. त्याच वयात चार रेघांच्या वहीत पानभर अक्षरं गिरवून घेणं हा त्या बोटांवर जुलूम आहे, मग त्याची फी कितीही असो.

फी भरली की मूल सुरक्षित, असंही म्हणतात. ऑगस्ट 2024 मध्ये याच बदलापुरात शाळेतल्या चिमुकल्यांवरील अत्याचाराच्या तक्रारीनंतर लोक रुळांवर उतरले. त्यानंतर तरी हे म्हणवू नये.

मात्र अंगणवाडीची खोली अंधारी असते, अपुरी असते, हे खरं आहे. सेविकाताई वजनं घेतात, रजिस्टरं आणि मोबाईलवरची माहिती भरतात, सर्वेक्षणाला फिरतात आणि उरलेल्या वेळात शिकवतात. मानधनवाढीसाठी त्यांना डिसेंबर 2023 पासून दीर्घ संप करावा लागला. हा दोष अंगणवाडीच्या कल्पनेचा नाही, तिला उपाशी ठेवणाऱ्यांचा आहे. शिक्षणहक्क कायद्याची हमीही सहाव्या वर्षापासून. त्याआधीच्या शिक्षणाची सोय सरकारच्या मर्जीवर.

म्हणून अंगणवाडी मागायला हवी. निकष 400 ते 800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा आहे. 2011 च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती; तेवढ्यालाच दोनशेहून जास्त लागतात, आणि त्यानंतर कात्रपात किती इमारती उठल्या ते आपण पाहतोच आहोत. झोपडवस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं असून अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच बजावलं आहे. चाळीतल्या बायकांनी नावांची यादी करावी, सोसायटीवाल्यांनी अर्जावर सह्या कराव्यात आणि आपलीही मुलं तिथे पाठवावीत.