'उद्या या' म्हणणारं कर्नेल

आमच्याकडे नवीन पोरं जॉइन झाली की त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. लिनक्स बूट होताना शेकडो ड्रायव्हर सुरू होतात. मग आधी कोण आणि नंतर कोण, हे ठरवतं कोण? कुठेतरी एक मोठी यादी असेल, कोणीतरी जाणत्या माणसाने ती विचार करून बनवली असेल, अशी त्यांची समजूत असते. तशी यादी नाही हे ऐकलं की चेहरे बघण्यासारखे होतात!

मंडळी, आधी भानगड काय आहे ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडावा. फोनमधला टचस्क्रीन घ्या. त्याच्या चिपला वीज लागते, ती देतो एक रेग्युलेटर. रेग्युलेटर बसलेला असतो पॉवर मॅनेजमेंटच्या चिपमध्ये. त्या चिपशी बोलायचं तर आय-टू-सी बस हवी, आणि बसच्या कंट्रोलरला क्लॉक हवं. म्हणजे बोट फिरवल्यावर स्क्रीन हलायला चार-पाच ड्रायव्हर एका विशिष्ट क्रमाने उठावे लागतात. आणि हे ड्रायव्हर लिहिणारी माणसं वेगळी, कंपन्या वेगळ्या, देशही वेगळे. टचवाल्याला क्लॉकवाल्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

जुनी सोय होती (आणि आजही आहे) ती इनिटकॉलच्या पातळ्यांची. कोअर, पोस्टकोअर, आर्क, सबसिस्टिम, फाइलसिस्टिम, डिव्हाइस, लेट अशा पायऱ्या. साधा ड्रायव्हर कर्नेलमध्येच बांधलेला असेल तर तो डिव्हाइसच्या पायरीवर येतो. आता एकाच पायरीवरच्या दोघांत पहिला कोण? तर ज्याची ओळख मेकफाइलमध्ये वर आहे तो! लिंकरने ज्या क्रमाने फाइली जोडल्या तोच क्रम.

पीसीच्या जमान्यात हे बऱ्यापैकी खपून गेलं. तिथे बसच्या खाली बस, तिच्या खाली कार्ड, अशी सरळ वंशावळ असते. बाप उठल्याशिवाय मुलगा दिसतच नाही. पण एआरएमच्या चिपांवर वंशावळ नसून जाळं असतं. क्लॉक इकडून, वीज तिकडून, रिसेटची पिन तिसरीकडून. मग लोकांनी काय केलं? ज्याला लवकर उठायचंय त्याला एक पायरी वर ढकललं. डिव्हाइसऐवजी सबसिस्टिम. लोकलच्या रांगेत पुढे घुसावं तसं. पण सगळेच पुढे घुसले की रांग पुन्हा होती तशीच होते.

माझा राग याच प्रकारावर आहे. मी एका बोर्डवर काम करत होतो. आधीच्या टीमने त्यात असे सात-आठ बदल करून ठेवले होते. एकाही बदलासोबत 'का' ते लिहिलेलं नाही. कर्नेल नवं घेतलं आणि टच गेला. कोणाच्या आधी कोण यायला हवं होतं, हे सांगू शकणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला. तीन आठवडे घालवले आम्ही त्यात. आणि बाजारातले कितीतरी प्रॉडक्ट असेच जुन्या कर्नेलवर अडकून पडतात, सिक्युरिटी पॅच न मिळता. अपडेट करायला कोणी धजत नाही, कारण नेमकं काय ढासळेल ते कोणालाच माहीत नसतं.

असो. 2012 मध्ये, 3.4 या आवृत्तीत, ग्रँट लाइकली यांनी आणलेला एक उपाय कर्नेलमध्ये आला. एरर कोड 517, नाव 'ई-प्रोब-डेफर'. कल्पना इतकी साधी की हसू यावं. ड्रायव्हरला सुरू होताना हवी ती गोष्ट मिळाली नाही तर त्याने हा कोड परत करायचा. कर्नेल त्याला एका यादीत टाकतं. बूटच्या शेवटच्या टप्प्यात, आणि त्यानंतर दुसरा कुठलाही ड्रायव्हर यशस्वी झाला की, यादीतल्या सगळ्यांना पुन्हा बोलावतं. थोडक्यात, "उद्या या".

अनेकांना हे ओंगळ वाटतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात ग्राफ आणि टोपॉलॉजिकल सॉर्ट शिकलेल्या माणसाला तर हा शुद्ध जुगाडच वाटणार. मला तसं वाटत नाही. मला काय लागतं हे ड्रायव्हरइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं, आणि ते त्यालाच विचारणं यात गैर काय? क्रम कोणी लिहायचाच नाही, तो आपोआप लागू द्यायचा. पायरी वर ढकलण्यापेक्षा हे शंभर पटीने प्रामाणिक आहे.

खोट आहे ती दुसरीकडे. कचेरीत "उद्या या" ऐकलेल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. साहेब उद्या येणार आहेत, की त्यांची बदली झालीय? कर्नेललाही हे कळत नाही. 'अजून नाही' आणि 'कधीच नाही' या दोन्हींना एकच कोड, 517. रेग्युलेटरचा ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये घ्यायलाच कोणी विसरलं असेल तर टचस्क्रीन जन्मभर यादीत बसून राहील. आणि तोंडातून अवाक्षर काढणार नाही, कारण पुन्हा बोलावणं ही काही चूक नव्हे!

याची उलट बाजू आणखी मजेशीर आहे. बूटलोडरने काही रेग्युलेटर चालू करून ठेवलेले असतात. कोणी वापरत नसेल तर वीज वाचवायला ते बंद करायला हवेत. पण कोणी वापरत नाही हे कधी ठरवायचं? वापरणारा अजून उठायचा असेल तर? कर्नेलचं उत्तर होतं: तीस सेकंद थांबा, मग बंद करा. तीसच का? काही कारण नाही. कुठलाही आकडा घेतला तरी तो अंदाजच राहणार.

खरी कोंडी झाली ती अँड्रॉइडमुळे. अँड्रॉइड 12 पासून, 5.10 कर्नेल घेऊन येणाऱ्या नव्या फोनांना गूगलचं सामायिक कर्नेल सक्तीचं झालं आणि हार्डवेअरचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बाहेर गेले. मॉड्यूलमध्ये त्या पायऱ्यांना काही अर्थच नसतो, सगळ्या मिळून एकच होतात. मॉडप्रोबचाही उपयोग नाही. तो कोण कोणाचं फंक्शन वापरतं तेवढं बघतो, आणि टच व रेग्युलेटर एकमेकांना थेट हाक कधीच मारत नाहीत. दोघं मधल्या फ्रेमवर्कशी बोलतात.

यातून सरवण कन्नन यांचं 'एफडब्ल्यू-डेवलिंक' उभं राहिलं. हार्डवेअरचं वर्णन डिव्हाइस ट्रीमध्ये असतंच. टचला वीज कुठून, क्लॉक कुठून, हे तिथे लिहिलेलं आहे, मग ते वाचा ना! कर्नेल ते वाचून दुवे बांधतं आणि पुरवठादार उठेपर्यंत ग्राहकाला हाकच मारत नाही. शिवाय सगळे ग्राहक उठले की पुरवठादाराला तसं कळवतं, म्हणजे बंद करण्याचा निर्णय तीस सेकंदांवर सोडावा लागत नाही.

गाडी सुरळीत चालली म्हणता? 2021 मध्ये हे सगळ्यांसाठी चालू केलं, काही बोर्डांवर डिव्हाइस उठेनात म्हणून 5.12 बाहेर पडायच्या आधीच मागे घेतलं, आणि 5.13 मध्ये ते मागे घेणंच मागे घेतलं. :) कारण डिव्हाइस ट्रीमध्ये 'लागतं' एवढंच लिहिलेलं असतं, 'नसलं तरी चालतं' हे नसतं. आणि कधी अ ला ब लागतो नि ब ला अ. अशा चक्रात कुठला दुवा सैल सोडायचा हे कर्नेल ताडतं, आणि ताडणं चुकतंही. 2024 मध्ये शेवटी एक नवीन प्रॉपर्टी आली. हा पुरवठादार सुरू व्हायला लागत नाही, नंतर लागतो, असं आता वर्णनातच सांगता येतं.

माझे एक मित्र यावर म्हणतात की एवढा गुंता केलाच कशाला, 'उद्या या' काय वाईट होतं? मला त्यांचं पटत नाही. चुकीचा दुवा निदान दिसतो. अडलेल्या डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये 'पुरवठादाराची वाट बघतोय' हे सांगणारी फाइल असते, त्यावरून नेमका दुवा शोधून दुरुस्त करता येतो. मेकफाइलमधली वर-खाली केलेली ओळ मात्र काहीच सांगत नाही.

म्हणून सध्या माझ्याकडे रिव्ह्यूला पायरी बदलणारा पॅच आला की मी दोनच गोष्टी मागतो. एक, डिबग-एफएसमधल्या 'डिव्हाइसेस-डेफर्ड' फाइलचं आउटपुट, म्हणजे कोण अडलंय ते कळेल. दोन, त्या ड्रायव्हरमध्ये 2020 पासून मिळणारं 'डेव्ह-एर-प्रोब' वापरलंय का, कारण ते वापरलं तर कशासाठी अडलंय तेही त्याच फाइलमध्ये उमटतं. ही दोन्ही आल्यावर बहुतेक पॅच पाठवणाराच परत घेतो.