साडेतीन टक्क्यांचा ‘मुक्त व्यापार’

१/ ब्रिटिशांनी भारताला मुक्त व्यापार दिला, असे आजही ठामपणे सांगितले जाते. १८९६ चा एकच कर या विधानाचा फोलपणा दाखवण्यास पुरेसा आहे. त्या वर्षी सरकारने मुंबईच्या गिरणीतील कापडावर मुंबईतच कर बसवला, तोही मँचेस्टरच्या समाधानासाठी.

२/ आधी पूर्वपीठिका. भारतीय छापील सुती कापड ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाले, तेव्हा तेथील संसदेने प्रथम त्याची आयात रोखली आणि १७२१ च्या कायद्याने वापरावरही बंधने घातली. लँकेशायरचा सूतउद्योग या भिंतीच्या आडोशाला वाढला. तो बलाढ्य झाल्यावरच ब्रिटनला मुक्त व्यापाराचे तत्त्वज्ञान सुचले.

३/ १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. गिरण्या वाढू लागताच लँकेशायरने भारतातील आयातशुल्काविरुद्ध ओरड सुरू केली. १८७९ मध्ये लॉर्ड लिटनने स्वतःच्या कौन्सिलचे बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील शुल्क काढले. १८८२ मध्ये उरलेलेही गेले.

४/ पुढे रुपया घसरला, तिजोरी रिकामी झाली आणि १८९४ मध्ये आयातशुल्क परत आणावे लागले. लँकेशायर पुन्हा खवळले. १८९६ ची तडजोड अशी: आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी.

५/ ‘दोघांना समान कर, मग अन्याय कसला?’ असा युक्तिवाद केला जातो. परंतु मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड विणत, लँकेशायर मुख्यतः तलम. जिथे स्पर्धाच नव्हती, तिथे समतोल कसला साधायचा होता? समता केवळ आकड्यांत होती. झळ जाडेभरडे नेसणाऱ्या गरिबाला बसली.

६/ आणि कामगारांना? १९२५ मध्ये गिरणीमालकांनी मंदीचे कारण देऊन वेतनकपात जाहीर केली. मुंबईत प्रचंड संप झाला. डिसेंबरात सरकारने अबकारी स्थगित केली, तेव्हा कपात मागे घेतली गेली. १९२६ मध्ये तो कर कायमचा गेला.

७/ यावरून ‘आयातशुल्क म्हणजेच देशहित’ असा निष्कर्ष काढणे तितकेच उथळ ठरेल. शुल्काची किंमत अखेर गिऱ्हाईकच मोजते, आणि संरक्षण मिळालेला मालक मजुराला न्याय देईलच असे नाही. शुल्क किती, याच्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ते कोण ठरवते आणि कोणाला उत्तरदायी राहून? १८९६ मध्ये ठरवणारे भारतीय जनतेला उत्तरदायी नव्हते. त्या व्यवस्थेला ‘मुक्त’ म्हणणे हा शब्दाचाच अपमान आहे.